वाघाला पहिली हळद

मला घोडा काढायला सांगणाऱ्या माणसांचा भयंकर राग येतो. पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी कुणी ना कुणी दार वाजवतंच. "आशालता मॅडम, मंडळाला पडदा हवाय, वर एक सरदार बसवून घोडा काढून द्या ना." घोडा म्हणजे यांना जिलबी वाटते, पाडली की झाली.

त्यामुळे शैलेश दारात उभा राहिला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "घोडा असेल तर आल्या पावली परत जा."

"घोडा हाय मॅडम," तो म्हणाला, "पन मेन वाघ हाय."

हा शैलेश माझा विद्यार्थी. सातवीत त्याने काढलेल्या गाईला पाच पाय होते. पाचवा पाय कसला म्हणून विचारलं, तर शेपूट आहे म्हणाला. शेपटीला खूर होता. आता तोच शैलेश गावच्या देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला होता, गळ्यात जाड चेन होती आणि चेहरा मात्र सातवीतल्यासारखाच, काहीतरी चुकलंय पण काय ते कळत नाही असा.

त्याचं गाव उलव्याच्या अलीकडे, विमानतळाच्या जागेत सापडलेलं. गावामागचा डोंगर रोज दुपारी भोंगा वाजवून सुरुंगाने उडवत होते. निम्मं गाव नव्या सेक्टरात राहायला गेलं होतं, देवही नव्या देवळात जायचा होता. देव उचलून नेता येतो. पण जुन्या देवळाच्या भिंतीवर शैलेशच्या आज्याच्या काळातलं शिकारीचं भलंमोठं चित्र होतं, आणि भिंत काही उचलून नेता येत नाही.

"फ्लेक्स लाव की," मी म्हटलं.

"लावला. आये नाय बोलली."

फ्लेक्स करणारा नझीर माझ्या ओळखीचा, त्याचं दुकान स्टँडजवळ. त्याच्याकडून नंतर सगळं कळलं. त्याने नेटवरून असा काही वाघ शोधला होता की अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा. शैलेशची आई ठमाबाई नव्या देवळात तो बघायला आली. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नाक फ्लेक्सला टेकवून तिने तो सबंध वाघ हुंगल्यासारखा पाहिला आणि विचारलं, "चांगला हाय. पन कोनाचा हाय?"

"मी बोललो, खाला, जंगलाचा आहे," नझीर मला सांगत होता. "तर म्हणते, मग जंगलात नेऊन लाव. अल्ला कसम मॅडम, इतना रिजेक्शन मैंने कभी नहीं देखा."

मी गेले बघायला. शैलेशवर उपकार म्हणून नाही. वाघ कुणाचा असू शकतो हे मला कळेना, म्हणून.

गाव अर्धं उघडं पडलेलं होतं. लोक जाताना दारं-खिडक्या चौकटींसकट उचकटून घेऊन गेले होते. मधोमध देऊळ तेवढं शाबूत. आणि त्याच्या मागच्या भिंतीवर ती शिकार.

मी जन्मभर ऐतिहासिक चित्रं पाहिली, शिकवली, नाइलाजाने काढलीही. असं चित्र पाहिलं नव्हतं. घोड्यावर एक सरदार, तोंडावर भाव असा की शिंप्याकडे माप द्यायला उभा आहे. खाली एक कुत्रा, पळणारी दोन हरणं, झाडावर मोर, फार लांब एक हत्ती. चित्र काढणारा पेणकडचा, गणपती रंगवणारा. गणपतीशिवाय दुसरं काही त्याने केलेलं नव्हतं. त्यामुळे हत्ती फक्कड जमला होता आणि बाकीची सगळी जनावरं उंदरावर गेली होती. घोड्याचे कान उंदराचे, हरणांच्या शेपट्या उंदराच्या, कुत्रा तर हातात मोदक घ्यायचा तेवढा बाकी होता. आणि सरदाराच्या भाल्यासमोर वाघ. अंगावर गादीच्या खोळीसारखे पट्टे. मानेच्या वर चेहरा म्हणून नुसता पिवळाधमक, खरबरीत पोपडा.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या ठमाबाईने त्या पोपड्याकडे हात केला. "ह्यो माजा बा," ती म्हणाली. "बुधाजी."

हे मला विचित्र वाटलं असेल असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. न पाहिलेलं जनावर काढणं हा चित्रकारांचा जुनाच धंदा आहे. परदेशात म्हणे कित्येकांनी सिंह न पाहताच सिंह काढले, म्हणून जुन्या पोथ्यांतले सिंह पेन्शनीत निघालेल्या मामांसारखे दिसतात. गेंडा कुणी काढला तो पत्र्याचं चिलखत घातलेला. आणि घोडे तर शतकानुशतकं चारही पाय एकदम ताणून हवेत तरंगत राहिले. कॅमेरा आला तेव्हा कळलं की घोडा कधीच तसा धावत नाही. तोवर एकाही घोड्याने तक्रार केली नव्हती. तेव्हा पेणच्या माणसाने वाघाला चेहरा हवा म्हणून गावातला माणूस बसवला, यात नवल कसलं?

"बालाच का बसवला?" मी विचारलं.

"बा हलायचा नाय," ठमाबाई म्हणाली. "मिठागरावर कामाला व्हता. पन आलशी. बसला का बसला. चित्रवाला बोलला, मना हलनारा नको. सगला गाव बोलला, बुधाजीला घ्या."

म्हणून बुधाजी देवळासमोर दोन्ही हात जमिनीला टेकून ओणवा झाला आणि वाघ झाला. रंग पुरता सुकलाही नव्हता तेव्हा उधाणाच्या भरतीला खारजमिनीचा बांध फुटला. सगळं गाव धावलं, बुधाजीही धावला. आयुष्यात तेवढा एकदाच धावला, आणि परत आला नाही. ठमाबाई तेव्हा परकर नेसायच्या वयाचीही नव्हती. फोटो काढायची पद्धत नव्हती. घरात बुधाजीचं म्हणून काही उरलं नाही. उरला तो हा वाघ.

गावची रीत अशी की लग्नघरातली पहिली हळद घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्याला लागते, मग नवरीला किंवा नवऱ्याला. इतरांच्या घरी फोटोला लावतात, देव्हाऱ्यातल्या टाकाला लावतात. ठमाबाईच्या घरची हळद देवळात येऊन वाघाला लागायची. तिच्या स्वतःच्या लग्नापासून लागत आली होती.

आणि आता शैलेशच्या मुलीचं, कीर्तीचं लग्न ठरलं होतं. हळद नव्या घरी, नव्या देवळासमोर. जुनं देऊळ त्याच्या आधीच पाडणार होते.

"बाला हलद लागली नाय," ठमाबाई म्हणाली, "त कीर्तीला पन लागनार नाय. मंग तो डीजे लावा न् नाचा नुसते."

शैलेशने माझ्याकडे पाहिलं. डीजे ठरला होता, मांडव ठरला होता, नवऱ्याकडची माणसं गाड्या भरून येणार होती, आणि सगळं एका वाघापाशी अडलं होतं. मी म्हटलं, "बटर पेपर लावून छापून घेते. जसंच्या तसं उतरवून देईन." ठमाबाईने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मला तिथेच गलबलून आलं. म्हणून मी शैलेशला काही कारण नसताना झापलं.

पण छापायचं राहिलं बाजूला, आधी सभा भरली. ताडपत्रीखाली सगळं गाव जमलं, कारण बातमी फुटली होती: नव्या देवळात बुधाजी जाणार.

पहिला उठला काशिराम. एकेकाळी मिठागरावर होता, आता डंपरचा मालक. "बुधाजी जानार, त आमचा आज्या का नाय?"

"तुझा आजा चित्रात कुठाय?" शैलेशने विचारलं.

"घोडा."

"कशावरून?"

काशिरामने डोक्यावरची टोपी काढली.  कान खरंच तसेच होते, उंच, गोल आणि पुढे वळलेले. त्याने आपल्या मुलालाही उभं केलं. त्याचेही तसेच. या पुराव्यापुढे बोलायला जागाच उरली नाही.

मग धरणच फुटलं. झाडावरचा मोर ही पुढे बसलेल्या सुनीताची आजेसासू निघाली, कारण चाल तीच. दोन हरणं म्हणजे वरच्या आळीतले दोन भाऊ, बायकांना भिऊन सदैव पळत असायचे. कुत्र्यावर दोन घरांनी हक्क सांगितला आणि प्रकरण बाह्या वर करण्यापर्यंत गेलं. शेवटी दोन कुत्रे काढायचं ठरलं. हत्तीवाल्यांची तक्रार वेगळीच. "आमचा आज्या काय एवढासा व्हता का?"

"तो लांब उभा आहे," मी समजावलं. "लांबची वस्तू लहान दिसते."

"त मंग जवल बोलवा!"

मी शाळेत इतकी वर्षं पर्स्पेक्टिव्ह शिकवलं. त्या दिवशी मी मुकाट्याने वहीत लिहून घेतलं: हत्ती जवळ.

"आणि सरदार?" मी विचारलं. "तो कुणाचा?"

आत्तापर्यंत एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली.  चित्रातला एकमेव माणूस, पागोटं घातलेला, शूर, घोड्यावर बसलेला. कुणाला नको होता. बुधाजीच्या छातीत भाला मारणारा आपल्या घरचा म्हणायचा, आणि पुढच्या लग्नात ठमाबाईच्या पंगतीला कसं बसायचं? मागून कुणीतरी सुचवलं की जमीन मोजायला आलेल्या साहेबाचं तोंड त्याला लावा. टाळ्या पडल्या. पण सुनीताने शंका काढली की मग रोज त्यालाही नमस्कार घडेल. तो बेतही बारगळला.

"भाला राहू दे," शैलेश म्हणाला, "पन लागू देऊ नका."

"आणि आमच्या आज्यावर परका मानूस बसलेला चालनार नाय," काशिराम म्हणाला. "इतकी वर्षं खपवून घेतला."

एकेक करत सरदार घोड्यावरून उतरला. मग हातातला भाला गेला. घोड्याचा लगाम धरू नये असं ठरलं, कारण तोही काशिरामच्या आज्याचा अपमान. मग तोंड कुणासारखं दिसू नये म्हणून सरदाराला पाठमोरा करण्यात आला. सभा संपली तेव्हा चित्र असं झालं होतं: गावचे सगळे पूर्वज ऐटीत उभे, आणि रिकाम्या हातांनी, पायी पायी घरी निघालेला एक सरदार. माझ्या माहितीत तरी अशी शिकार कुणी काढलेली नाही. खरं सांगते, मला ती आवडली.

दुसऱ्या दिवशी मी बटर पेपर घेऊन छापायला गेले. घोडा छापला, मोर छापला, हत्ती मोठा करायचा म्हणून नुसता बघून घेतला. मग वाघाच्या तोंडाशी आले. पिवळा पोपडा नखाने थोडा खरवडला, म्हटलं खाली रेषा सापडेल. खाली चुना होता. आणखी खरवडलं. चुनाच. डोळा नाही, मिशी नाही, काही नाही.

शैलेशला मी विचारलं, "हळद लावायच्या आधी तुम्ही काय करता रे?"

"अंघोल घालतो," तो म्हणाला. "नवऱ्याला घालतात तशी. पानी न् नारलाचा काथ्या. चांगला घासून."

मला हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांच्या लग्नांत या माणसांनी आपला आजा प्रेमाने घासून घासून पुसून टाकला होता. जितकी लग्नं जास्त तितका बुधाजी कमी. आणि वर हळदीचे थर चढवून त्याला पूजत होते.

"आयेला बोलू नका," शैलेश हात जोडून म्हणाला. "तुमी काढा ना कसला पन. तिला कुठं दिसतंय?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "नझीरचा वाघ तिने नाकाने ओळखला, तिला फसवायला निघालायस?" मी म्हटलं, आणि सरळ ठमाबाईपुढे जाऊन बसले. सांगून टाकलं. "आजी, चेहरा उरला नाही. धुऊन गेला."

"गेला कुठं? हाय की," ती म्हणाली. उठली, भिंत चाचपत वाघापाशी गेली आणि त्या पोपड्यावर बोट फिरवायला लागली. "ह्यो डोला. ही मिशी. हितं कानाखाली वन."

"नाक कसं होतं?"

"बासारखा."

"मिशी जाड की बारीक?"

"बासारखी."

"अहो, पण तुमचा बा कसा होता?"

तिचं बोट थांबलं.  भिंतीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "मना बा याद नाय गो. मना वाघच याद हाय."

आणि ती रडायला लागली, म्हाताऱ्या माणसांसारखी नाही, लहान पोर हरवल्यावर रडतं तशी. शैलेश बाहेर निघून गेला. मी तिला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा मला दिसलं. तिची डावी पापणी उजवीपेक्षा खाली होती. रडताना तर अर्धा डोळाच झाकला जात होता.

"आजी, ही पापणी आधीपासून अशीच?"

"जन्मापासना," तिने पदराने डोळे पुसले. "सगली बोलायची, ठमी बाचा डोला घेऊन आली."

मला काशिरामचे कान आठवले.

"शैलेश!" मी ओरडले. "दुसरी खुर्ची आण. आजी, ओणवं व्हायचं."

गुडघे दुखतात म्हणून तिला एका खुर्चीवर बसवलं आणि दुसऱ्या खुर्चीवर दोन्ही हात टेकवायला लावले. कीर्ती आजीचं जेवण घेऊन आली आणि आजीला त्या अवस्थेत बघून आधी घाबरली, मग हसून हसून भिंतीला टेकली. भोंगा वाजला, डोंगराचा एक तुकडा उडाला, देवळाच्या घंटा आपोआप किणकिणल्या. मी दचकले, माझी पेन्सिल घसरली. ठमाबाई हलली नाही.

"गुरगुरू का?" तिने विचारलं.

"नको. नुसतं बघा."

"बा पन गुरगुरला नसल," ती म्हणाली. "आलशी व्हता."

नव्या देवळात मी रोज गेले. माझ्या पडदे रंगवण्याच्या उभ्या आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नव्हतं. बाकी सगळं गाव भराभर झालं; हत्तीला मी जवळ बोलावलं, काशिरामच्या आज्याला झूल चढवली. सरदाराला पाठमोरा घरी धाडला. वाघाला मात्र दिवस लागले. ठमाबाईच्या तोंडावर मिशी चढवली, कानाखाली वण घातला, डावी पापणी खाली आणली. सुरकुत्या कमी करायला हव्या होत्या, बुधाजी तरणा गेला होता. पण सुरकुत्या काढल्या की चेहरा कुणाचाच राहीना. शेवटी ठेवल्या. वर चांगला जाड वॉर्निश मारला आणि शैलेशला बजावलं की हळद पंजाला लावायची, तोंडाला नाही. काथ्या तर देवळात आणायचाच नाही.

हळदीच्या दिवशी डीजेचा आवाज इतका होता की देवळाच्या फरश्या थरथरत होत्या. ठमाबाई आली तेव्हा शैलेशने तो बंद करायला लावला. सगळं गाव मागे उभं राहिलं, प्रत्येकजण आपापल्या जनावराकडे बघत. तिच्या हातात हळदीची वाटी होती. ती भिंतीपाशी गेली, नाक टेकवलं, पापणीवरून, मिशीवरून, गालावरून बोट फिरवलं. सुरकुत्यांवर बोट परत परत गेलं.

मला वाटलं, आता म्हणेल, ह्यो कोन?

"बा," ती हळूच म्हणाली, "किती म्हातारा झालास रं."

 शैलेश उभ्या उभ्या रडत होता, त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. ठमाबाईने सगळ्या गावासमोर बापाच्या गालावरून हात फिरवत त्याला सांगितलं की पणतीचं लग्न आहे, की गाव उठलं, की आता पाणी इथवर येत नाही, तेव्हा धावायची गरज नाही, बसून राहिलास तरी चालेल. मग वाटीत सगळा हात बुडवला आणि पंजा-बिंजा काही न बघता सरळ त्याच्या तोंडाला हळद फासली. कपाळ, गाल, मिशी, पापणी, सगळं.

तिला अडवायला मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. ते तसंच मागे घेतलं. लागू दे. पुसेल तेव्हा पुन्हा काढता येईल.

मग ठमाबाई वळली आणि त्याच हाताने तिने कीर्तीच्या गालाला हळद लावली. हळदीचा थेंब डोळ्यात जाऊन कीर्तीने डोळे मिचकावले आणि हसली. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. तिचीही डावी पापणी खाली होती.